लांबलचक सरकारी वाक्य वाचावे कसे

सोयाबीन शेंगा धरू लागले की वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या फलकावर पीकविम्याची सूचना लागते आणि ती वाचून दाखवण्यासाठी मला हाक येते. हाक मारणारे बरेच कास्तकार बारावीपर्यंत शिकलेले आहेत आणि सूचनाही मराठीतच असते. तरीही वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात मनातून निसटलेली असते. यात वाचणाऱ्याच्या बुद्धीचा काहीही दोष नाही, हे मी आधी सांगतो.

वाक्य वाचताना जे अर्धवट राहिले आहे ते मनाला धरून ठेवावे लागते. ‘ज्या शेतकऱ्यांनी’ हे शब्द आले की त्यांचा जोडीदार ‘अशा’ किंवा ‘त्या’ येईपर्यंत ती गाठ सुटत नाही. अशा तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सुमारे सात घटकांची सांगितली होती, तर दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. त्यामुळे चाळीस शब्दांचे सरळ वाक्य सहज पचते आणि एकात एक अडकलेले दहा शब्द जड जातात.

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून मन ते येण्याआधीच त्याचा अंदाज बांधते. हिंदीची रचनाही अशीच आहे. श्रवण वसिष्ठ आणि रिचर्ड लुईस या संशोधकांच्या हिंदीवरील प्रयोगांत असे दिसले की, मध्ये काही शब्द वाढले तरी शेवटचे क्रियापद उलट लवकर वाचले जाऊ शकते, कारण तोवर अंदाज पक्का झालेला असतो. मात्र सूचनेच्या शेवटी अनपेक्षित ‘नाही’ आले, तर हाच अंदाज आपल्याला फसवतो.

या धाटणीचे एक वाक्य घेऊ: ‘ज्या शेतकऱ्यांनी खरीप हंगामात पिकाचा विमा उतरवला असून ज्यांच्या पिकाचे गारपिटीमुळे नुकसान झाले आहे, अशा शेतकऱ्यांनी नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत, गट क्रमांक व बाधित क्षेत्राच्या तपशिलासह, पूर्वसूचना दिली नसल्यास त्यांचा दावा विचारात घेतला जाणार नाही.’

प्रथम थेट शेवटाकडे जावे. काय घेतले जाणार नाही? दावा. केव्हा? पूर्वसूचना दिली नसल्यास. येथे दोन नकार एकमेकांवर बसले आहेत आणि मनाला ते एकेक करून उलटावे लागतात. म्हणून वाक्य सरळ करून कागदाच्या कडेला, समासात लिहावे: ‘७२ तासांत कळवले, तरच दावा.’ त्यानंतर एक बोट ‘ज्या’वर आणि दुसरे ‘अशा’वर ठेवावे. या दोन बोटांमधला मजकूर एकच प्रश्न विचारतो: मी यात मोडतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर तेवढा भाग मनातून खाली ठेवून पुढे जाता येते. स्वल्पविरामांमधला तपशील पहिल्या वाचनात अंगठ्याने झाकावा, पण मुदत कधीही झाकू नये. आमच्या शेजारच्या काकांनी ‘७२ तास’ बरोबर लक्षात ठेवले होते, परंतु ‘नुकसान झाल्यापासून’ हे शब्द सुटल्यामुळे त्यांनी ते पंचनाम्यापासून मोजले आणि त्यांची मुदत टळली. ती चूक मला आजही लागून राहिली आहे. तेव्हापासून मी आकड्याभोवतीचे शब्द आकड्याइतक्याच जाड रेघेने अधोरेखित करतो.

दुसरी अडचण सारख्या प्रत्ययांची आहे. ‘तलाठ्याने सरपंचाने पाठवलेल्या शेतकऱ्याला दिलेला दाखला परत घेतला’ या वाक्यात दोन ‘ने’ शेजारी आल्यामुळे कोणी काय केले याची सरमिसळ होते. अशा वेळी प्रत्येक क्रियापदापुढे थांबून ‘कोणी?’ असे विचारावे: पाठवले सरपंचाने, दिला तलाठ्याने, परत घेतला तोही तलाठ्यानेच.

काही वाक्ये मात्र कितीही वेळा वाचली तरी उलगडत नाहीत. ‘वडिलांनी भावाला दिलेले वावर विकले.’ विकले कोणी? वडिलांनी, की आणखी कोणी? दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. येथे अंदाज करू नये. लिहिणाऱ्यालाच विचारावे आणि खरेदीखतासारख्या कागदात तर कर्ता लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

अर्ज किंवा दवंडीचा मजकूर लिहिणाऱ्यांनी ‘ज्या–अशा’ची एका वाक्यात एकच जोडी ठेवावी आणि मुदतीला स्वतंत्र वाक्य द्यावे. वाचून दाखवणाऱ्याने ‘अशा’पाशी क्षणभर थांबावे. शेवटी ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘काका, आज रात्री गार पडली, तर कधीपर्यंत कळवायचं?’ असे विचारावे आणि काकांनी वार व वेळ सांगेपर्यंत फलकापासून हलू नये.