बेडकांची वाहतूक: या चुका टाळा

क्रेट उघडलं, बेडूक उड्या मारताहेत, म्हणजे माल ठणठणीत! हे वाक्य ऐकून आता कान किटलेत. उड्या तर घाबरलेला बेडूकही मारतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पोहोचल्या पोहोचल्या रक्त तपासून निकाल लावणं. मीही ती केलीय. जेमतेम तीन तासांचा प्रवास होता. बुलफ्रॉग उतरवले आणि लगेच पाच-सहा काचपट्ट्या पाहिल्या. लिम्फोसाइट भरपूर, न्यूट्रोफिल बेताचे (दोन्ही पांढऱ्या पेशी; ताणात किंवा संसर्गात न्यूट्रोफिल वाढतात). खूश होऊन सगळे जुन्या हौदात मिसळले. तिसऱ्या दिवशी पट्टीवर चित्र नेमकं उलटं, आठवड्याच्या आत संसर्गानं मांड्या लालभडक, आणि जुन्या बेडकांच्याही.

ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, लवकर चढतं. पण त्याच्या हुकमावरून लिम्फोसाइट रक्तातून ऊतींत जातात आणि न्यूट्रोफिल रक्तात उतरतात, त्याला थंड रक्ताच्या प्राण्यात कित्येक तास, कधी दिवसही लागतात. त्या सकाळी मी प्रवासाआधीचा बेडूक बघत होतो. आता एक पट्टी माल उतरवल्यावर, दुसरी तिसऱ्या दिवशी, आणि नवा माल महिनाभर वेगळ्या हौदात. ‘एवढं कोण थांबतं?’ म्हणणाऱ्यांनी खुशाल थांबू नये, फक्त नंतर मला फोन करू नये.

आणि न्यूट्रोफिल वाढलेले दिसले की लगेच अँटिबायोटिक ओतू नका. नुसत्या ताणानंही ते वाढतात. आधी बेडूक बघा: मांड्या, पोटाची कातडी, खाणं.

हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढलंय म्हणून ‘रक्त छान’ समजणारे वेगळेच. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि कातडीतूनच गमावतो. कोरड्या क्रेटमध्ये त्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, आटतो, म्हणून आकडा फुगतो. मी तळाशी ओला स्पंज घालतो. क्रेट पाण्यानं भरणं हा त्यावरचा उपाय नव्हे, गर्दीत खालचे गुदमरतात.

माणसाच्या रक्ताच्या मशीनमध्ये नमुना घालू नका. बेडकाच्या तांबड्या पेशीतही केंद्रक असतं, मशीन गोंधळतं. न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) घ्या आणि बसून मोजा.

भरल्या पोटी पाठवू नका, ओकून पाणी घाण करतात. क्लोरीनचं पाणी नको. कोरड्या हातानं तर धरूच नका. ओले, बिनपावडरचे हातमोजे घाला, आणि एकदा धरलेला बेडूक फोटोसाठी पुन्हा धरू नका.