‘लीडर आहे की!’ म्हणत होणाऱ्या या चुका टाळा

पन्हाळा ते पावनखिंड या पावसाळ्यातल्या पायी मोहिमेत मी बहुतेक वेळा सगळ्यात मागं चालतो. मागून कुणी राहू नये एवढंच माझं काम. पण मागं चाललं की माणसं कुठं चुकतात ते नीट दिसतं. पन्नास जणांच्या रांगेत लीडरला पुढचे पाच-सहाच दिसत असतात, आणि बाकीचे मात्र ‘लीडर आहे की, बघतोय त्यो’ म्हणून निवांत असतात. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

पहिली चूक घरातच होते. गेल्या पावसाळ्यानंतर कपाटावर ठेवलेले बूट थेट मोहिमेच्या दिवशीच खाली निघतात. वरून कोरे करकरीत दिसतात, पण बऱ्याच ट्रेकिंग बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात आणि नुसते पडून राहिले तरी दमट हवेनं आतून कुजतात. एका वर्षी म्हाळुंग्याच्या पुढं एका दादाचा तळ जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला, अर्ध्या तासात दुसऱ्या पायाचाही. माझ्या सॅकेत सुतळी होती. बोटांच्या मागून आणि टाचेच्या पुढून दोन-दोन वेढे मारून वरती गाठ घेतली. गाठ तळाखाली आली तर चार पावलांत झिजून तुटते. तेव्हा निघायच्या आधी आठवडाभर हेच बूट घालून कोल्हापुरात रंकाळा तलावाला फेऱ्या मारा. तुटायचे असतील तर तिथं तुटू देत. आणि नवेकोरे बूट थेट मोहिमेला नकोत, फोड येतात. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळाचं काहीच चालत नाही. कोल्हापुरी पायताण गावात शोभतं.

जीन्सही नको. भिजली की जड होते, वाळत नाही आणि वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेते. कुणी थडथडायला लागलं, बोलताना अडखळायला लागलं तर ‘चाल, गरम होशील’ म्हणू नका. आडोशाला न्या, ओले कपडे बदला, गोड चहा द्या. दारू ‘ऊब येते’ म्हणून देणारे भेटतात. तिनं अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

आता वाटेतलं मसाई पठार. उन्हात पाहिलं तर इथं कोण चुकेल असं वाटतं. आषाढात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि सपाटीवर खूण धरायला झाडही नसतं. इथली नेहमीची चूक म्हणजे कुणाला न सांगता लघवीला बाजूला जाणं किंवा फोटोसाठी कड्याकडं सरकणं. रांग तशीच पुढं जाते. मागच्या माणसाला सांगून जा, सॅक वाटेवरच ठेवा, म्हणजे थांबायची खूण राहते. चुकलातच तर शोधत फिरू नका. जिथं कळलं तिथंच उभे राहा आणि शिट्टी वाजवा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. ओरडून घसा बसतो, शिट्टी दहा-वीस रुपयांची असते. रेंज असेल तर 112 हा आपत्कालीन नंबर लावा.

ओढ्यावर मात्र लीडरचंही डोळे झाकून ऐकू नका. पाणी गढूळ होऊन काड्या-पाचोळा वाहायला लागला म्हणजे वर जोराचा पाऊस झालाय, पाणी चढणार. गुडघ्यावर आणि वेगात असेल तर उतरायचंच नाही. तास-दोन तास थांबलं तर बऱ्याचदा पाणी उतरतं. पण ‘पलीकडं जेवण तयार आहे’ या वाक्यानं भली भली माणसं पाण्यात उतरलेली मी बघितली आहेत. राऊतवाडी, बर्कीच्या धबधब्याखालीही हाच हिशेब. निघायच्या आधी बंदीचा आदेश आहे का, तेही विचारा.

जळवांचं उगाच भ्या घेतात. नखानं खरवडून काढा. रक्त थोडा वेळ वाहील, कारण ती चावताना रक्त न गोठू देणारं रसायन सोडते. साप चावला तर गोष्ट वेगळी: चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, पाय हलू न देता उचलून न्या, ॲम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन करा. दाजीपूरच्या जंगलाकडं गवा आडवा आला तर शिट्ट्या, सेल्फी बंद. एकटा नर असेल तर आणखी लांबून, त्याला जायला वाट सोडून.

पैसे भरताना लोक जेवणात चिकन आहे का विचारतात. तिथंच आणखी तीन प्रश्न विचारा: शेवटी कोण चालणार, प्रथमोपचार कोणाला येतात, पाऊस वाढला तर परतायचं कोण ठरवणार? राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते, तीही मागून बघा. ‘बघू की तवा’ असं उत्तर आलं तर पैसे खिशात ठेवा.

आणि गुडघा धरला, दम लागला तर लाजून गप्प बसू नका. रस्ता असलेल्या वाडीत बोललात तर गाडी मागवता येते. जंगलात शिरल्यावर बोललात तर झोळी करावी लागते, आणि झोळी उचलणारे चौघंही तुमच्याइतकेच दमलेले असतात.