अहवालातून जुना दवाखाना कसा हुडकावा

दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडमध्ये एखाद्या भागात कोणते सार्वजनिक दवाखाने होते हे शोधताना मी थेट तिथल्या मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थचा, म्हणजे स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचा, वार्षिक अहवाल उघडते. लंडनचे अहवाल वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. प्रस्तावना खुशाल सोडा. साहेब तिथे बहुधा स्वतःचीच पाठ थोपटतात.

आधी कारभार कुणाकडे ते पाहा. लंडनमध्ये क्षयाचा दवाखाना बरोकडे, म्हणजे त्या त्या विभागाच्या नगरपालिकेकडे असे; सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवून घेणारं इस्पितळ, मात्र साऱ्या लंडनच्या काउंटी कौन्सिलकडे. त्यामुळे एकाच रुग्णाचा माग दोन दप्तरांत काढावा लागतो. शाळकरी मुलांचे दवाखाने शिक्षण खात्यात शोधा.

१९३० नंतर इस्पितळांची यादी एकदम फुगलेली दिसली, तर नव्या इमारती उठल्या असं समजू नका. १९२९च्या कायद्याने गरीबखान्यांची इस्पितळं कौन्सिलांच्या ताब्यात आली, इतकंच.

खरा ऐवज 'केअर कमिटी'च्या, म्हणजे क्षयरोग्यांना घरी मदत पुरवणाऱ्या समितीच्या, परिच्छेदात असतो. सॅनेटोरियममधून घरी परतलेल्याला दूध, कपडे, खाट, अंथरूण. कुठे कुठे मोकळ्या हवेत झोपण्यासाठी परसात उभी करायची लाकडी खोपटीसुद्धा उसनी मिळे. खाटेची नोंद दिसली की जरा थांबा. वेगळी खाट द्यावी लागली, म्हणजे तोवर तो खोकणारा माणूस बहुधा बायकोच्या नाहीतर भावंडांच्या अंथरुणात झोपत होता. त्याच पानावर राहत्या खोल्यांची संख्या दिली असेल तर तीही टिपून घ्या.

आणि हजेरीचे आकडे खेपांचे असतात, माणसांचे नव्हेत. माणसं हवी असतील तर 'नवे रुग्ण' हा रकाना बघा.