३८६ जिवंत झाला, तो व्हिनेगरने

काकांच्या चादरीच्या कारखान्यात, साखर पेठेत, हिशेबाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. "भंगारात घालणारच होतो, घेऊन जा की!" म्हणाले.

कॅबिनेट उघडलं तर आत सुताची तूस बोटभर, पंख्याला तर गोधडीच पांघरलेली. ब्रशने झाडल्यावर मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, वाचता आली: एएमडी ३८६, ४० मेगाहर्ट्झ. शेजारच्या चिपवर ९३१२, म्हणजे १९९३ चा बारावा आठवडा. वय कळलं.

चालू केला तर 'कीबोर्ड एरर'. कीबोर्ड बदलला, तेच. मग कीबोर्डच्या सॉकेटजवळची ३.६ व्होल्टची निळी बॅटरी दिसली. निकेल-कॅडमियमची, फुटून तिच्याभोवती हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. हा गळणारा रस अल्कली असतो, तांब्याच्या रेषा खातो. बॅटरी कापून टाकली. मंच्युरियनच्या गाडीवर असतं तेच पांढरं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावलं, फसफसलं. नंतर पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन दिवस गच्चीवर. सोलापूरचं ऊन कधीतरी कामी येतं!

मल्टीमीटरने एकेक रेष तपासली. सॉकेटपासून कीबोर्ड कंट्रोलरकडे जाणारी एक तुटलेली निघाली, तिथे केसासारखी बारीक वायर सोल्डर केली. नवा बटण सेल लावताना मध्ये डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, टाकला, कारण बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा आणि हा सेल चार्ज करायचा नसतो.

हार्ड डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे, तिच्या लेबलवरून बघून कॉम्प्युटरच्या सेटअपमध्ये हाताने भरली. डिस्क घरघरली, आणि स्क्रीनवर 'सी' आलं, म्हणजे ती वाचली गेली. काकांनी आधी सुताची उधारी शोधली.