नव्या व्यवसायाची वाढ कुठे अडते? या चुका टाळा

अमेरिकेतील कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार, तेथे सुरू होणाऱ्या नव्या आस्थापनांपैकी साधारण एक पंचमांश पहिल्याच वर्षात बंद पडतात आणि पाच वर्षांनंतर जेमतेम निम्म्या तग धरून असतात. भांडवल संपले, हे कारण अशा वेळी सर्रास दिले जाते. ते का संपले, याचा माग काढला की पुष्कळदा असे दिसते की जे काम नंतर करायचे होते, ते आधी उरकले गेले होते.

यातील सर्वांत महागडी चूक म्हणजे मागणीची खात्री होण्यापूर्वी विस्तार करणे. घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅन या अमेरिकी कंपनीने १९९९ साली सेवा सुरू केली आणि पहिल्या शहरातला जम बसण्याची वाट न पाहता स्वयंचलित गोदामांच्या साखळीसाठी सुमारे एक अब्ज डॉलरचा करार केला. २००१ च्या जुलैमध्ये ती बंद पडली. त्याच १९९९ साली सुरू झालेल्या झॅपोस या इंटरनेटवरून जोडे विकणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाने मात्र सुरुवातीला माल साठवलाच नाही. दुकानांतील जोड्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकायची, मागणी आली की ते दुकानातून विकत घेऊन पाठवायचे, अशी ती पद्धत होती. त्यात नफा नव्हता, पण लोक पायात घालून न पाहता जोडे घेतात का, या प्रश्नाचे उत्तर गोदाम न बांधताच मिळाले.

ओळखीच्या लोकांनी केलेली वाहवा ही मागणी नव्हे, कारण कौतुक करायला काहीच खर्च येत नाही. दरमहा नवे ग्राहक येतात, तरीही एकूण विक्री जागची हलत नाही, असे दिसू लागले तर जाहिरातीचा खर्च वाढवण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी: एखाद्या महिन्यात प्रथमच खरेदी केलेल्यांची यादी काढावी आणि पुढील तीन महिन्यांत त्यांपैकी किती जण परत आले, ते मोजावे. वस्तू वर्षानुवर्षांतून एकदाच घेतली जाणारी असेल, तर जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून किती नवे आले, हे मोजावे. दोन्ही आकडे नगण्य असतील, तर दोष जाहिरातीत नसून वस्तूत किंवा सेवेत आहे.

दुसरी तक्रार याच्या नेमकी उलट असते: विक्री वाढते आहे, कागदावर नफा आहे, पण पगाराच्या दिवशी खात्यात रोकड नाही. समजा, १०० च्या विक्रीमागे ७० खर्च येतो, तो रोख द्यावा लागतो आणि ग्राहक दोन महिन्यांनी पैसे देतो. दरमहा विक्री १०० असेल, तर १४० सतत उधारीत अडकलेले राहतात. विक्री दुप्पट झाली की २८०. म्हणजे वाढीसाठी आणखी १४० चे खेळते भांडवल हवे आणि जुना नफा दरमहा ३० असल्याने जवळजवळ पाच महिन्यांची कमाई त्यातच गुंतते. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि म्हणूनच भरभराटीच्या काळात बुडालेले व्यवसाय बाहेरच्यांना कोड्यात टाकतात. यावर उपाय आहेत: आगाऊ रक्कम मागणे, पुरवठादाराकडून मुदत घेणे, वसुलीची जबाबदारी एका माणसावर सोपवणे. पुढील तेरा आठवड्यांची आवक-जावक लिहून ठेवण्याची सवय लागली, तर तूट येण्याआधीच दिसते.

भागीदारांमधील वाटणी हा विषय नाजूक असल्याने तो पुढे ढकलला जातो, किंवा पहिल्याच बैठकीत समान हिस्से ठरवून मिटवला जातो. सहा महिन्यांत एक भागीदार निघून गेला आणि निम्मी मालकी त्याच्याकडेच राहिली, तर उरलेल्याने कष्ट कशासाठी करावेत, आणि असे भागभांडवल पाहून गुंतवणूकदाराने पैसे का गुंतवावेत? त्यामुळे हिस्सा कामाच्या कालावधीनुसार टप्प्याटप्प्याने हाती येईल, अशी अट करारनाम्यात घालावी. नवउद्योगांत चार वर्षांची मुदत आणि पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, ही रीत रूढ आहे. मैत्री आहे म्हणून लेखी करार नको, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही; मैत्री टिकावी असे वाटत असेल, तर करार आधी करावा.

एकाच ग्राहकावर बहुतांश विक्री अवलंबून असणे आणि प्रत्येक लहान निर्णयासाठी मालकाची वाट पाहावी लागणे, हे दोष तुलनेने सहज ओळखता येतात, पण चालू कामाच्या रेट्यात त्यांकडे दुर्लक्ष होते.

अडचण जाणवू लागल्यावर होणारी चूक मात्र वेगळीच असते. घाबरून किंमत, जाहिरात आणि वस्तू एकाच आठवड्यात बदलली जाते. मग विक्री सुधारली तरी कशामुळे सुधारली, ते कळत नाही, आणि घसरली तर काय मागे घ्यावे, हेही समजत नाही. एका वेळी एकच बदल करावा, तो करण्यापूर्वीचा आकडा नोंदवावा आणि किती आठवड्यांनी निर्णय घ्यायचा, ते आधीच लिहून ठेवावे.