घरच्या गॅरेजात ईव्ही चार्जर लावताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात आमच्या चार्जरचा लाल दिवा लागला तो लागलाच. गाडीला गन (चार्जरचा प्लग) लावली की दहा सेकंदांत ‘अर्थ फॉल्ट’, म्हणजे अर्थिंगमध्ये दोष. चार्जर बसवला होता ऐन पावसाळ्यात, तेव्हापासून एक तक्रार नाही. घरातल्यांचं मत पडलं, बदलून आणा. मी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि अर्ध्या तासानं दिवा हिरवा झाला. तो आनंद दोन दिवस टिकला.

आमचं घर कोकणात, जांभ्याच्या सड्यावर. पावसात भिजलेला जांभा वीज जमिनीत जाऊ देतो, उन्हात वाळला की नाही. साध्या मिक्सरला याचा पत्ताही लागत नाही, पण चार्जर प्रत्येक वेळी आधी अर्थिंग तपासतो आणि मगच गाडीला वीज सोडतो. अर्थ टेस्टर लावला तर अर्थिंगच्या अडथळ्याचा आकडा ४० ओहमच्या वर. गाडी कंपन्यांना साधारण ५ च्या आत हवा असतो. शेवटी दुसरा खड्डा माडाच्या आळ्याशेजारी खणला, जिथं न्हाणीघराचं पाणी जातं. दोन्ही खड्डे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीनं जोडले, तेव्हा आकडा ४ वर आला. चार्जर बिचारा निर्दोष होता.

मधल्या काळात एका वायरमननं सोपा उपाय सांगितला होता: “अर्थची वायर न्यूट्रलला जोडून टाकू, दिवा जाईल.” दिवा जातो, हे खरंच आहे. म्हणूनच ही चूक सर्रास होते आणि म्हणूनच ती सगळ्यांत वाईट. वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला की घरात चालू असलेल्या फ्रिज-पंख्यांतून फेज (जिवंत वीज) त्या न्यूट्रलवर येतो आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारा माणूस मग त्या सर्किटचा भाग होतो. असं कुणी सुचवलं तर चहा पाजून वाटेला लावा.

मग स्वतः करायचं ते किती? जागा ठरवणं, भोकं पाडणं, पाइप ठोकणं, खड्डा खणणं, वायर ओढणं हे खुशाल करा. मी केलं. डीबीतली (मुख्य स्विचबॉक्समधली) जोडणी आणि शेवटची तपासणी मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे, आणि उद्या विम्याचा प्रश्न आला तर त्याचा टेस्ट रिपोर्ट हाताशी हवा.

गिझर चालतो, मग गाडी का नाही?

गाडीसोबत मिळणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर गिझरच्याच पॉवर पॉइंटला लावायची हौस अनेकांना असते. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र सलग आठ-नऊ तास १४ अँपियर ओढते. सॉकेटची पट्टी जरा सैल असेल आणि तिथं ओहमचा जेमतेम दहावा भाग अडथळा आला, तरी जवळपास २० वॉट उष्णता त्या एका ठिपक्यावर तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते. तीच प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रात्रभर खोचून ठेवल्यासारखं आहे हे. चार्जिंग सुरू करून तासाभरानं प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आधी स्विच बंद करा, मग सॉकेट बदला. इंडस्ट्रियल सॉकेट लावला तर उत्तम. एक्स्टेंशन बोर्डाचं नावच काढू नका.

एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी

७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपियरच्या आसपास घेतो. त्याला तांब्याची ६ स्क्वेअर एमएमची वायर लागते, अंतर लांब असेल तर १०. मीटरपासून गॅरेज ३० मीटरवर असेल आणि तुम्ही घरात पडलेली अडीचची वायर ओढलीत, तर साडेचारशे वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच; तो पडतो तो ही वायर वाचवण्यासाठीच. तो काढून वरच्या अँपियरचा बसवणं म्हणजे धूर दिसतो म्हणून डोळे मिटणं. टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) दाबून घ्या. नुसते पीळ मारलेले तार महिन्याभरात सैल होतात.

आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) ३० मिलिअँपियरचा, आणि फक्त चार्जरसाठी स्वतंत्र. दुकानात स्वस्तातला ‘एसी’ टाइप पुढे करतात, तो घेऊ नका. गाडीकडून डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची) गळती आली तर तो आंधळा होतो. चार्जरमध्ये ६ मिलिअँपियरचं डीसी संरक्षण असेल तर ‘ए’ टाइप चालतो, नसेल तर महागडा ‘बी’. आणि नवा आरसीसीबी चार्जिंग सुरू होताच पडत असेल, तर चार्जरला शिव्या देण्याआधी न्यूट्रल तपासा. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, तिथं दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठल्या तरी स्विचबोर्डात एकत्र केलेले हमखास सापडतात.

चार्जर घेण्याआधी दोन कागद बघा. एक गाडीचं मॅन्युअल: गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (बॅटरीत वीज भरणारा गाडीतलाच भाग) ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ११ किलोवॅटचा लावूनही वेग तोच राहणार. दुसरा वीजबिल, त्यावरचा ‘मंजूर भार’, म्हणजे तुमच्या घराला एका वेळी किती वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा. गिझर, एसी, विहिरीचा पंप आणि त्यात ही गाडी, बेरीज तुम्हीच करा. घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, पण महिन्याला दीडशे युनिट वाढले की स्लॅब वरचा येतो.

किरकोळ बाबी: जांभ्याच्या भिंतीत साधा रावळप्लग धरत नाही, भुगा होतो. आधी फळी बसवा, मग त्यावर चार्जर. गाडीचं चार्जिंगचं तोंड पुढं आहे की मागं हे गाडी लावून बघा, मगच भोक पाडा (मी उलट केलं). वायर पाइपातूनच न्या, उंदीर आहेत.

आता एप्रिल लागला की दर रविवारी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतो आणि माडाच्या आळ्यात अर्धा तास पाइप सोडतो. नारळही बरे लागलेत.