मैत्रिणीच्या घरातलं माणूस गेलं तर काय करायचं ("काही लागलं तर सांग" सोडून)

गेल्या आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचा फोन आला, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा अचानक गेला आणि ही रडवेली होऊन विचारत होती की अगं मी तिथे जाऊन नक्की करू काय, मला तर नुसतं बसायलाही सुचणार नाही. तासभर बोललो आम्ही. मग वाटलं हे लिहूनच काढावं.

मी कौन्सेलर वगैरे कुणी नाही हां. दोन पोरांची आई, डोंबिवलीत राहते. तीन वर्षांपूर्वी ऐन आषाढात माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचा नवरा 42व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. आमची मैत्री स्कूलबसच्या स्टॉपवरची, तिचा मुलगा आणि माझा धाकटा एकाच वर्गात, त्यामुळे रोज सकाळी पाऊण तास गप्पा आणि मग दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप. खाली जे लिहितेय त्यातलं निम्मं मला तेव्हा जमलं, निम्मं चुकलं.

पहिल्या दिवशी रडायला माणसं पुष्कळ असतात, कामाला कमी पडतात. बातमी कळली की हातातलं टाकून जा, पण जाताना दोन लिटर दूध, चहा-साखर, कागदी कप, पाण्याचा जार आणि फोनचा चार्जर घेऊन जा. चार्जर म्हटल्यावर हसू नका, त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचा फोन दुपारपर्यंत बंद पडतो आणि गावाकडून निघालेली माणसं रस्ता विचारायला फोन करत असतात. सोसायटीच्या ऑफिसातून खुर्च्या आणायला कुणाला तरी पाठवा. लहान मुलं असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एकच माणूस नेमा, तोही त्यांच्या ओळखीचा.

आणि एक गोष्ट, जी मी आधी ठरवून गेले नव्हते पण तिथे उभी होते म्हणून झाली. नेण्याची वेळ झाली तशी एक म्हाताऱ्या नातेवाईक बाई तिच्या बांगड्यांना हात घालायला पुढे आल्या. मी आणि तिची वहिनी दोघी तिच्या दोन बाजूंना होतो, मी फक्त "असू देत मावशी, राहू देत" एवढंच म्हणाले आणि तिचा हात माझ्या हातात धरून ठेवला. मावशी दोन मिनिटं पुटपुटल्या आणि बसल्या. बस, एवढंच. भांडायची वेळ नसते ती, आडवं उभं राहायची असते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मधे ठराव केला होता की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना पण हेच करायला सांगितलं. कुणी फारच रेटायला लागलं तर हे सांगायला बरं पडतं. नंतर दोन महिन्यांनी तिने मंगळसूत्र स्वतःहून कपाटात ठेवलं, पण ते तिने ठरवलं म्हणून.

आता डब्याचं. आपल्याकडे स्मशानातून माणसं परत आली की कडू घास म्हणून पिठलं-भात शेजारचे नाहीतर नातेवाईक आणतात, घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पुढेही तेराव्यापर्यंत बऱ्याच घरांत फोडणी, तळण करत नाहीत, पण प्रत्येक घरचं वेगळं असतं, तिच्या जावेला नाहीतर नणंदेला विचारून घ्या, तिला विचारू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी उत्साहात जो तो डबा आणला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चार घरची मुगाची खिचडी होती, रात्री मात्र कुणीच काही आणलेलं नव्हतं. मग मी ग्रुप केला, तिला न घालता, आणि वार वाटून दिले, सकाळ कुणाची, रात्र कुणाची, किती माणसांचं. मुलांचा डबा वेगळा लावला, कारण चौथ्या दिवशी तिच्या मुलाने माझ्या कानात येऊन विचारलं की काकू भेंडी मिळेल का. 9 वर्षांचं पोर, चार दिवस मुकाट खिचडी गिळत होतं. त्याला आमच्याकडे आणून भेंडी-पोळी वाढली, तीन पोळ्या खाल्ल्या त्याने.

आणि डबे शक्यतो परत करावे लागणार नाहीत असे न्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्वतः उचलून आणा. हे का सांगते, तर पंधराव्या दिवशी मी गेले तेव्हा तिच्या सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, समोर अकरा-बारा स्टीलचे डबे धुऊन पालथे घातलेले, कुठला कुणाचा हे झाकणामागची नावं वाचून लावत होत्या, चष्मा घरंगळत होता नाकावरून, आणि प्रत्येक डब्यात चमचाभर साखर घालत होत्या. रिकामा डबा परत द्यायचा नाही ना. मुलगा गेलाय त्यांचा आणि त्या आमच्या डब्यांत साखर घालतायत. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिथूनच सगळे डबे पिशवीत भरले आणि घरोघर पोचवून आले.

भेटायला गेल्यावर काय बोलायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. काय बोलायचं नाही ते सोपं आहे: "देवाला चांगली माणसं आवडतात", "मुलांकडे बघून सावर", "निदान हाल तरी नाही झाले". नंतर तिने मला सांगितलं, मुलांकडे बघून सावर हे ती त्या तेरा दिवसांत इतक्यांदा ऐकत होती की तिला मुलांकडे बघायचीच भीती वाटायला लागली होती. काही सुचत नसेल तर गप्प बसा, अर्धा तास बसा, निघताना "येते" म्हणू नका, उठून या, तसाच रिवाज आहे आणि बराच आहे, कारण निरोप घेताना मग नवीन रडारड होत नाही. बोलायचंच असेल तर त्याच्याबद्दल बोला, त्याचं नाव घ्या. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आले आणि म्हणाले, तुझ्या नवऱ्याने माझी स्कूटर ढकलत पेट्रोल पंपापर्यंत आणली होती आणि वर मलाच झापलं होतं. ती पहिल्यांदा हसली, सहाव्या दिवशी.

मुलांना सांगताना "बाबा देवाघरी गेले", "झोपलेत" असलं काही नको, निदान आपल्या मुलांना तरी नको. माझ्या धाकट्याला मी पहिल्या दिवशी घाबरून "काका झोपलेत, आता उठणार नाहीत" म्हणाले आणि तो आठवडाभर बाबाला झोपू देईना, रात्री उठून हलवून बघायचा. मग बसवून नीट सांगितलं की काका वारले, त्यांचं हृदय बंद पडलं, आता ते परत येणार नाहीत आणि तुझा बाबा रोज रात्री झोपतो आणि सकाळी उठतो तसाच उठणार आहे. त्याने विचारलं, मग त्यांच्या बूटांचं काय करणार. मी म्हटलं माहीत नाही रे, ते घरचे ठरवतील. खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. मित्राशी काय बोलू असं विचारलं तेव्हा सांगितलं की काही बोलू नकोस, बॅट घेऊन जा.

आता कागद. हे काम मैत्रिणींनी घ्यावं असं माझं ठाम मत आहे, म्हणजे सह्या तिच्याच, पण फाईल, झेरॉक्स, रांग, फोन हे आपलं. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर नोंद हॉस्पिटल कळवतं, घरी झाला तर घरच्यांनी कळवायचं, 21 दिवसांच्या आत, त्यानंतर लेट फी आणि कटकट. मृत्यूच्या दाखल्याच्या किमान दहा प्रती काढून घ्या. आणि नाव! हॉस्पिटलचा फॉर्म त्या गडबडीत माझ्या नवऱ्याने भरला आणि वडिलांच्या नावापुढे "राव" लावलं, आधारवर राव नाही, पॅनवर आहे, पासबुकात नाही. त्या एका रावापायी पुढे अ‍ॅफिडेव्हिट, दुरुस्ती, दीड महिना गेला. तेव्हा फॉर्म भरताना हातात आधार कार्ड धरून अक्षर न अक्षर तसंच लिहा, आदर नंतर दाखवा.

त्याचा मोबाईल नंबर बंद करू नका. सगळे ओटीपी त्यावर येतात, वर्षभर रिचार्ज चालू ठेवा. एटीएमचा पिन माहीत आहे म्हणून पैसे काढत बसू नका, नंतर तेच अंगाशी येतं, बँकेला कळवून क्लेम करा. नॉमिनी लावलेला असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेने 15 दिवसांत क्लेम निकाली काढायचा असतो, हे शांतपणे काउंटरवर सांगा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे मात्र घरात कुणीतरी आधीच स्पष्ट करा, पैसे त्याच्या हातात येतात पण हक्क वारसांचा राहतो, यावरून भावाभावांत वाजतं.

पासबुक घेऊन बसा आणि मे-जूनच्या एन्ट्र्या बोटाने एकेक बघा. 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना, 2 लाखांचा विमा आहे. 20 रुपये दिसले तर तो अपघाताचा. आम्हाला ती 436 ची ओळ एका जुन्या सॅलरी अकाउंटच्या पासबुकात सापडली, कुणाच्या गावीही नव्हतं, त्याने कधीतरी फॉर्मवर सही केली असणार. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर तीन गोष्टी असतात आणि लोक एकच घेऊन गप्प बसतात: पीएफची रक्कम फॉर्म 20, पेन्शन फॉर्म 10डी, आणि विमा फॉर्म 5आयएफ, हा विमा जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत मिळतो. पेन्शन बायकोला आणि शिवाय दोन मुलांना 25 वर्षांची होईपर्यंत. घराचं लोन असेल तर त्यासोबत विमा काढला होता का ते लोनच्या कागदांत बघा. हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, आठवड्याला एक काम, आणि त्या दिवशी तिला बाहेर काहीतरी खायला घाला. आम्ही दर कामानंतर मिसळ खायचो. एकदा ती म्हणाली, लोक बघत असतील गं, नवरा गेलाय आणि ही मिसळ खातेय. मी म्हटलं, बघू देत, कट मागव अजून.

तेराव्यानंतर सगळे आपापल्या घरी जातात. तुमचं खरं काम चौदाव्या दिवसापासून. फोनमधे रिमाइंडर लावा, महिन्याच्या त्या तारखेचा, त्याच्या वाढदिवसाचा, लग्नाच्या वाढदिवसाचा. आणि दिवसातली कुठली वेळ खायला उठते ते शोधून काढा. तिचा नवरा रोज संध्याकाळी लोकलमधून मेसेज टाकायचा, "ठाणं सुटलं". की ही कुकर लावायची, तो घरात शिरेपर्यंत शिट्ट्या व्हायच्या. तो गेल्यानंतर साडेसातला ती ओट्यापाशी जाऊन कुकर हातात घेऊन नुसती उभी राहायची, तिच्या मुलीने मला सांगितलं हे. मग मी साडेसातला खालून हाक मारायला लागले, चल भाजी आणू. रोज काय भाजी लागते का, पण जायचो, कधी नुसती कोथिंबीर घेऊन यायचो. सहाएक महिने चाललं असेल. "काही लागलं तर सांग" याला तिने कधीच उत्तर दिलं नव्हतं, "चल भाजी आणू" याला देता यायचं, हो किंवा आज नको.

पहिल्या दिवाळीला त्या घरात फराळ करत नाहीत, आपण न्यायचा असतो, तेवढं बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतं. थोडी चकली जास्त द्या, मुलांना लाडू कुणी खाऊ घालतच असतं.

माझी सगळ्यात मोठी चूक संक्रांतीची. दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकू असतं, बिल्डिंगमधल्या पंचवीसेक बायका येतात, वाण आणायला आम्ही दोघीच जायचो. त्या वर्षी मी तिला बोलावलं नाही. मनात वाईट नव्हतं, मला वाटलं तिला त्रास होईल, सगळ्याजणी हळदीकुंकू लावून घेणार आणि ती बसणार, त्यापेक्षा नको. बोलले पण नाही तिच्याशी, आपलं आपणच ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी वर माझ्याकडे बायकांचा गलबला आणि खाली दुसऱ्या मजल्यावर ती दार लावून बसलेली, येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्या दारावरून जिना चढत होती. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी तिळगूळ घेऊन गेले, तिने घेतला, "छान झाला का कार्यक्रम" विचारलं. आठ दिवस साडेसातला ती खाली आली नाही. नवव्या दिवशी आली आणि म्हणाली, बाकीच्यांचं सोड, तू विचारायचं तरी होतंस.

तर विचारा. लाजत लाजत का होईना, तोंडावर विचारा. पुढच्या वर्षी पौष लागला तशी मी तिला भाजीवाल्यासमोरच विचारलं, हळदीकुंकवाला येतेस का, आणि आलीस तर लावू का नको, तू सांगशील तसं, कुणी काही म्हणालं तर मी बघते. ती गाजरं निवडत होती. म्हणाली, येते, लाव, आणि वाण काय आणतेयस ते आधी मला दाखव, मागच्या वर्षीच्या तुझ्या चहाच्या गाळण्या महिन्याभरात गंजल्या म्हणे सगळ्यांच्या.